सांगायला आलेली माणसं

बँकेवर सायबर हल्ला झाला की गेलेली रक्कम छापून येते, पकडलेल्यांची संख्या छापून येते, चार दिवस तज्ज्ञ बोलतात. ‘इथं काहीतरी निराळं दिसतंय’ म्हणून ज्यानं पहिला फोन केला, त्या माणसाचा उल्लेख सहसा कुठे सापडत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात माझी सगळी नोकरी झाली आणि तिच्यातली बहुतेक वर्षं नेटवर्कची राखण करण्यात गेली. फायरवॉल, अँटिव्हायरस, लॉगवर नजर ठेवणारी यंत्रणा हे सगळं आमच्याकडे होतं. त्याशिवाय चालतच नाही. तरी ठेवीदारांचे पैसे जेव्हा खरोखर धोक्यात आले, तेव्हा आधी कुणीतरी सांगायला आलं होतं आणि मग आम्ही यंत्रांकडे वळलो होतो. या माणसांचं माझ्यावर ऋण आहे. सांगायला आलेल्याचं ऐकून कसं घ्यायचं हे मला आप्पांनी शिकवलं, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करते.

आप्पा अंतर्गत तपासणी विभागाचे प्रमुख. संगणकाशी त्यांचा संबंध फार उशिरा आला. हातानं लिहिलेली रोजकीर्द, खतावणी, व्हाउचरचे गठ्ठे आणि त्यांवर बारीक खुणा करणारं हिरव्या शाईचं पेन यांत त्यांची हयात गेली होती. मी विलिंग्डन कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि नव्वदीच्या अखेरीस बँकेत लागले, तेव्हा संगणक विभागाला स्वतंत्र खोली नव्हती. मुख्य कार्यालयात तपासणी विभागाच्याच कोपऱ्यात आमची दोन टेबलं मांडली होती. त्यामुळे आप्पांचं काम मला दिवसभर समोर दिसायचं.

एका संध्याकाळी बाजारातल्या शाखेचा कॅशियर आला. त्याची रोकड पाचशे रुपयांनी कमी भरत होती. असा फरक आला की बहुतेक कॅशियर गुपचूप खिशातून भरतात आणि विषय मिटवतात, हे मला तोवर कळलं होतं. हा मात्र सांगायला आला होता आणि दारातच उभा होता. विभागातले दोघे-तिघे त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागले, ती नजर आप्पांनी टिपली असावी. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून पुढे केली. “बस आधी. चहा सांगतो. मग सकाळी पेटी उघडल्यापासून काय काय झालं ते सांग.” तासाभरात फरक सापडला. एका भरणा पावतीवर शंभराच्या नोटांची संख्या आणि बेरीज यांचा मेळ नव्हता. खातेदाराला दुसऱ्या दिवशी बोलावून पैसे घेतले गेले.

तो गेल्यावर मी विचारलं, “आप्पा, तुम्ही त्याला काहीच बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर पुढल्या खेपेला आला असता का तो?” आप्पा म्हणाले. “रोकड कमी पडली म्हणून सांगत येणारा माणूस मला पाहिजे गं. न सांगणाऱ्याला हुडकण्यात माझं वर्ष जातं.”

मग त्यांनी एका शाखेतली जुनी हकिकत सांगितली. एका अधिकाऱ्याला किरकोळ रकमेचा फरक आला. पन्नास रुपयांच्याही आतला. साहेब सगळ्यांदेखत अपमान करायचे म्हणून त्यानं तो न जुळलेल्या रकमांच्या सस्पेन्स खात्यात ढकलला. महिनाअखेरीला तो झाकायला एक व्हाउचर केलं, ते झाकायला पुढच्या महिन्यात दुसरं. आप्पांच्या हाती ते प्रकरण आलं तेव्हा आकडा इतका फुगला होता की त्या माणसाची नोकरी गेली आणि घरही विकावं लागलं. “पहिल्या दिवशी त्याला कुणीतरी खुर्ची द्यायला पाहिजे होती,” एवढंच आप्पा म्हणाले.

मला तेव्हा ही हिशेबाची गोष्ट वाटली. नेटवर्कच्या सुरक्षेचा सगळ्यात महत्त्वाचा धडा आपण ऐकतोय याची जाणीव व्हायला पुढची बरीच वर्षं जावी लागली.

शाखा संगणकावर आल्या, पुढे एकमेकींना जोडल्या गेल्या आणि कोअर बँकिंग आलं. आप्पांनी तेव्हा मला एक जाडजूड रजिस्टर आणून दिलं आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात ‘शंका-वही’ असं लिहिलं. कोणत्याही शाखेत पडद्यावर काही निराळं दिसलं, यंत्र संथ झालं, प्रिंटरनं नको ते छापलं, की शाखेतल्या कुणीही फोन करायचा. शिपायानंसुद्धा. मी वेळ, शाखा, बोलणाऱ्याचं नाव आणि त्यानं जे पाहिलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. शेवटच्या रकान्यात त्याच दिवशी उत्तर. “आणि परत फोन करून सांगायचं काय निघालं ते,” आप्पांनी बजावलं. “काही निघालं न्हाई तरी सांगायचं. न्हाईतर पुन्हा कशाला करंल तो फोन?” दर शनिवारी ते वही मागवून घेत आणि परत फोन केल्याची नोंद नसेल त्या ओळीपुढे हिरवं प्रश्नचिन्ह काढत.

त्या वहीतल्या बहुतेक नोंदी साध्या आहेत. मॉनिटरची वायर सैल झाली, उंदरानं केबल कुरतडली, कीबोर्डमध्ये पाणी गेलं. पण मधूनच एखादी अशी यायची की अंगावर काटा यावा. एका तालुक्याच्या शाखेतल्या लेखनिक ताईंनी विचारलं होतं, “मॅडम, माझं शेवटचं लॉगिन रात्री साडेआठचं दाखवतंय. मी तर सहाच्या एसटीनं गेले होते.” तपासलं तेव्हा कळलं की सहकाऱ्यानं राहिलेल्या नोंदी त्यांच्या पासवर्डनं उरकल्या होत्या. चोरी झालेली नव्हती. तरी एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती मंजूर करायची ही मेकर-चेकरची अख्खी पद्धत त्या उधारीच्या पासवर्डनं पोकळ केली होती. तो पडदा आम्ही सगळेच रोज बघत होतो. त्यावरची वेळ नीट वाचून पाहिली ती त्या एकट्या ताईंनी. त्यानंतर पासवर्ड वाटून घेणं सगळ्या शाखांत बंद झालं.

क्लिफर्ड स्टोल यांचं ‘द ककूज एग’ हे १९८९ सालचं पुस्तक मी वाचलं आणि त्यातली गोष्ट आप्पांना सांगितली, तो दिवस माझ्या आठवणीत ठळक आहे. स्टोल मूळचे खगोलशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक सांभाळायला आले, तेव्हा त्यांना एक क्षुल्लक काम मिळालं: संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता, तो शोधायचा. कुणीतरी पैसे न भरता काही सेकंद संगणक वापरला होता. स्टोल त्याच्या मागे लागले. बाहेरून येणाऱ्या टेलिफोन लाइनींना त्यांनी प्रिंटर जोडले, घुसखोर जे जे टाइप करेल ते कागदावर उमटू लागलं. महिनोन्‌महिने माग काढल्यावर तो निघाला जर्मनीतल्या हॅनोव्हरचा मार्कुस हेस. अमेरिकेतल्या लष्करी संगणकांतून माहिती काढून ती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला, केजीबीला विकणाऱ्या टोळीतला. एफबीआयनं सुरुवातीला लक्षच दिलं नव्हतं, कारण नुकसान काय तर पाऊण डॉलर.

आप्पा गोष्ट ऐकताना पुढे सरकून बसले होते. “म्हणजे त्याला फरक सापडला, आणि तो सांगत फिरला, आणि ज्यांनी ऐकायचं त्यांनी रक्कम विचारली,” ते म्हणाले. “रक्कम न्हाई विचारायची. फरक का पडला ते विचारायचं.”

बांगलादेश बँकेचं प्रकरण घडलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. आप्पा तोवर निवृत्त होऊन सांगलीतल्या विश्रामबागेत राहत होते. चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेतून, म्हणजे बँका एकमेकींना देशोदेशी पैशांचे आदेश पाठवतात त्या जाळ्यातून, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आदेश पाठवले. एकूण रक्कम ९५ कोटी डॉलरच्या घरात. वेळ निवडली होती विचारपूर्वक: गुरुवारची रात्र, कारण ढाक्यात शुक्रवारी सुट्टी, मग शनिवार-रविवार न्यूयॉर्क बंद, आणि सोमवारी चिनी नववर्षाची मनिलात सुट्टी. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधल्या खात्यांत पोचले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी थांबले, कारण आदेशात ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेतल्या कुणाला तरी ते खटकलं. उरलेले बहुतेक आदेश न्यूयॉर्कमध्येच अडवले गेले.

ढाक्यातला एक तपशील मला आजही बेचैन करतो. स्विफ्टचे व्यवहार आपोआप छापणारा प्रिंटर शुक्रवारी बंद पडलेला दिसला होता. हल्लेखोरांनीच तो बंद पाडला होता. पण तिथल्या लोकांना वाटलं, प्रिंटर आहे, बिघडतो मधूनमधून. आप्पांना हे सांगितलं तेव्हा चोरीची रक्कम त्यांनी विचारली नाही. “प्रिंटर बंद आहे हे ज्यानं बघितलं, त्यानं कुणाला सांगितलं? आणि ज्याला सांगितलं तो काय म्हणाला?” एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

मग २०१८ चा ऑगस्ट आला. पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, आणि महाराष्ट्रातल्या आम्हा सहकारी बँकवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. शनिवारी, ११ ऑगस्टला, बनावट व्हिसा कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांवरून अडीच कोटी निघाले, त्यांतले काही आमच्या शेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

हे घडलं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की मागणी आधी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो: हे खातं आहे का, शिल्लक आहे का. होकार आला की पैसे बाहेर येतात. हल्लेखोरांनी मालवेअरच्या मदतीनं मध्येच एक खोटा स्विच उभा केला. मागणी आली की तोच ‘हो’ म्हणायचा, मुख्य प्रणालीला विचारलंच जायचं नाही. आमच्या भागात मी ते असं समजावून सांगायचे: साखर कारखान्याच्या फाटकाआधी कुणी खोटा वजनकाटा उभा करावा, त्यावर रिकाम्या गाड्यांना भरल्या उसाच्या पावत्या मिळाव्यात, पावत्यांवर पैसे उचलले जावेत आणि कारखान्याच्या वहीत मात्र त्या गाड्यांची नोंदच नसावी.

बातमी आली तो मंगळवार होता. त्या संध्याकाळी मी आप्पांकडे गेले. त्यांना स्विच म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण मी सांगत गेले तसं त्यांनी जुन्या डायरीच्या पानावर तीन रकाने आखले. एटीएम काय म्हणतं, स्विच काय म्हणतो, बँकेची वही काय म्हणते. “तिघांच्या वह्या तीन जागी लिहिल्या जातात न्हवं? मग चोराला तिन्ही एकदम खोट्या लिहिता यायच्या न्हाईत. ताळा कधी घेता तुम्ही?” दुसऱ्या दिवशी, मी म्हटलं. सुट्टी असेल तर सुट्टीनंतर. आप्पांनी डायरी मिटली. “तुमच्या सुट्टीत चोर कामावर येतो, आणि ताळा तुम्ही सुट्टी संपल्यावर घेता.”

या तिहेरी ताळ्याला बँकिंगमध्ये थ्री-वे रिकन्सिलिएशन म्हणतात आणि तो आम्हाला माहीत होताच. आम्ही तो दर तासाला घ्यायला लागलो, शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा. एका मर्यादेपलीकडे फरक गेला की एटीएमची सेवा बंद करायची आणि मग वरिष्ठांना कळवायचं, असा लेखी अधिकार रात्रपाळीच्या मुलाला दिला. संचालक मंडळात यावर बरीच चर्चा झाली. एक कनिष्ठ कर्मचारी सगळी एटीएम बंद करणार, ग्राहक चिडणार, बोभाटा होणार. मी तीन रकान्यांचं ते पान पुढे ठेवलं. ठराव झाला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकेच्या कामकाजाच्या आवाक्यानुसार चार स्तरांची तपशीलवार चौकट आली. छोट्या बँकांना त्यासाठी खर्च जड गेला, हे खरं. पण ते नियम यायला हवेच होते, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आमच्यावर वेळ आली ती त्यानंतरच्या एका पावसाळ्यात. सकाळी साडेआठच्या सुमारास एका आडगावच्या शाखेतून शिपाईमामांचा फोन आला. ते शाखा उघडतात, झाडून घेतात आणि साहेब येण्याआधी यंत्रं चालू करून ठेवतात. “मॅडम, पडद्यावरची चित्रं एकेक करून पांढरी व्हायला लागल्यात. आणि इंग्रजीत काहीतरी कागद उघडलाय. मी निळ्या तारा काढल्या सगळ्या. मशीन बंद केलं न्हाई, तुम्ही सांगितल्यागत.”

शंका-वहीच्या एका बैठकीत मी कधीतरी सांगितलं होतं, की संशय आला तर नेटवर्कची तार काढा पण यंत्र बंद करू नका. मेमरीतला पुरावा पुसला जातो. अधिकारी लिहून घेत होते, मामा दाराशी चहाचे कप गोळा करत होते. त्यांनी ते ऐकलं होतं आणि लक्षातही ठेवलं होतं. रॅन्समवेअरनं त्या शाखेतल्या चार यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या आणि नेटवर्कवरून मुख्य कार्यालयाकडे ते सरकत होतं. मामांनी तारा काढल्यामुळे ते तिथंच अडकलं. आमच्याकडच्या एका सर्व्हरपर्यंत ते पोचलं होतं. त्यावरचा साठा बाद झाला.

त्याची प्रत होती जतच्या शाखेत. तिची हकिकत वेगळी. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आप्पांनी हट्टानं नियम करून घेतला होता की आठवड्याच्या बॅकअपची एक प्रत नदीपासून लांब, उंचावरच्या दुष्काळी तालुक्यात ठेवायची आणि ती कुठल्याही तारेला जोडलेली नसावी. रोख नेणाऱ्या गाडीतून आधी टेप जायची, पुढे हार्डडिस्क. पुरासाठी केलेली ती सोय हॅकरपुढे कामी आली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरनं मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी बंद पाडली होती. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. तिच्या जगभरच्या नेटवर्कवरच्या वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे सर्व्हर एकजात पुसले गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याच्यावरून त्यांनी सगळं पुन्हा उभं केलं: ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर, दहा दिवसांत. घानामध्ये जे योगायोगानं झालं ते आमच्या बँकेत एका म्हाताऱ्या तपासनिसानं नियम म्हणून लिहून ठेवलं होतं, याचा मला अभिमान आहे.

त्या आठवड्यातला सगळ्यात कठीण प्रसंग मात्र वेगळाच होता. हल्लेखोर आत आले कुठून, हे आम्ही शोधत होतो. लॉगवरून दिसत होतं की कुणीतरी रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे दुरून यंत्र चालवण्याच्या सोयीतून, शिरलंय, मध्यरात्री, पासवर्ड पुन्हा पुन्हा लावून बघत. तो दरवाजा उघडा कुणी ठेवला, हे कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सॉफ्टवेअरच्या देखभालीचं काम करणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनियर न कळवता आला. पंचविशीही गाठली नसेल त्यानं. दारात उभा राहून म्हणाला, “मॅडम, तो ॲक्सेस मी चालू ठेवला होता. रात्री घरून काम करता यावं म्हणून. कंपनीत अजून सांगितलेलं नाही.”

खोलीत आठ-दहा माणसं होती. तीन रात्री कुणी धड झोपलेलं नव्हतं. मला आतून काय वाटलं ते लिहिण्यात अर्थ नाही. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, “बस. चहा घे. आणि पहिल्यापासून सांग.”

त्यानं सगळं सांगितलं. बोलता बोलता हेही सांगितलं, की तीच सोय, तोच पासवर्ड त्यानं आणखी काही छोट्या बँकांत आणि पतसंस्थांत ठेवलाय. दोघी-तिघी मिळून आम्ही त्या दुपारी एकेका ठिकाणी फोन करत होतो. एका पतसंस्थेत हल्लेखोर शिरलेले होते पण अजून त्यांनी काही केलं नव्हतं. तिथले दरवाजे संध्याकाळपर्यंत बंद झाले. त्या मुलाला मी पहिल्या वाक्याला झापलं असतं, तर दुसरं वाक्य त्यानं उच्चारलं नसतं. सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेकडे आम्ही घटना कळवली, त्यात त्याची माहितीच मोलाची ठरली. त्यानं स्वतःच्या नोकरीची पर्वा न करता आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढल्या, हे ऋण मी कशानं फेडू?

आप्पांना ही हकिकत सांगितली, तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “त्याच्या साहेबाला फोन केलास का? पोराला काढू नका म्हणून?” केला होता. कंपनीनं त्याला ठेवून घेतलं. आप्पा त्यानंतर थोड्याच महिन्यांत गेले.

ते लॉग वाचायला मी शिकले, त्यामागेही न भेटलेल्या माणसांचं देणं आहे. आमच्यासारख्या बँकेला सुरुवातीच्या काळात महागड्या यंत्रणा परवडत नव्हत्या. नेटवर्कवर कोणकोणती दारं उघडी आहेत हे दाखवणारं एनमॅप गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. घुसखोरी ओळखणारं स्नॉर्ट मार्टिन रोश यांनी १९९८ मध्ये. तारेतून जाणारी पाकिटं उघडून दाखवणारं, आज वायरशार्क नावानं ओळखलं जाणारं साधन जेरल्ड कोम्ब्स यांचं, तेही १९९८ चं. मोडीत निघालेल्या एका संगणकावर ही फुकटची साधनं बसवून मी शिकले. मिरज-सांगलीतल्या एका मुलीला अमेरिकेतली ही मंडळी ओळखत नव्हती, तरी त्यांनी आपलं काम तिच्या हाती दिलं.

निवृत्तीनंतर माझ्याकडे येतात ते वेगळे लोक. बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरणं अवघड झालं, तसे चोर माणसांच्या मनात शिरायला लागले. हल्लीच्या ‘डिजिटल अरेस्ट’ प्रकारात व्हिडिओ कॉल येतो, समोर खाकी वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. तुमच्या आधारवर सिम काढलंय, मनी लाँडरिंगचा गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, पैसे पडताळणीसाठी या खात्यात टाका. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितलं. तरी लोक सापडतात, आणि त्यात शिकलेले लोक मोठ्या संख्येनं असतात. त्या सगळ्या संभाषणातलं सगळ्यात घातक वाक्य ‘कुणाला सांगायचं नाही’ हे आहे. बाकीचं सगळं त्यावर उभं असतं.

माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई यात सापडल्या. मला दशांश अपूर्णांक ज्यांनी शिकवले त्या. दोन दिवस त्या स्वतःच्याच घरात कॅमेऱ्यासमोर बसून होत्या, मुदतठेव मोडून पैसे पाठवले. फसलो हे कळल्यावर आणखी चार दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शरमेनं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येतं. पण चोर तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या भाड्याच्या खात्यात काही मिनिटांत पैसे विखुरतात, म्हणून पहिला तास मोलाचा. बाईंचा तो तास कधीच निघून गेला होता. शेवटच्या टप्प्यावर अडकलेली थोडी रक्कम तेवढी पुढे न्यायालयाच्या आदेशानं परत मिळाली. मुलानं फोनवर त्यांना काय काय सुनावलं ते त्यांनी मला सांगितलं, आणि मला त्या मुलाचा राग आला. घरोघरी हेच होतं. फसलेल्या माणसावर घरचेच तुटून पडतात, आणि पुढच्या वेळी तो आणखी उशिरा सांगतो.

बाई मात्र निराळ्या निघाल्या. गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी या विषयावर बोलणार होते. बाई म्हणाल्या, “तू कशाला? मी सांगते. माझे पैसे गेलेत.” आणि भर सभागृहात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, नाव न लपवता, रक्कम न लपवता, कोणत्या वाक्याला घाबरले आणि का, हे फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं पायरी पायरीनं. कुणी हसलं नाही. प्रश्न विचारा म्हटल्यावर जरा वेळ कुणी उठेना. मग मागच्या ओळीतले, सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुढे आले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “आज सकाळी मी बी पाठवलेत. लाइट बिलाचं म्हणून. आता फोन केला तर चालंल?”

तिथूनच १९३० लावला. पलीकडच्या मुलीनं व्यवहाराचा क्रमांक विचारला. त्यांना मोबाइलवरचे बारीक आकडे दिसेनात. बाईंनी चष्मा चढवला, मोबाइल हातात घेतला आणि बारा आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. मग, पलीकडच्या मुलीनं मागितलं नव्हतं तरी, तिला ते सगळे परत म्हणून दाखवायला लावले.